अल्तारखालचं बटन

आमच्या घरात कॉम्प्युटरला सगळे "डबडं" म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नाही. तो आला तोच मुळी माझ्या नवऱ्याच्या बंद झालेल्या दुकानातून. तुळिंजला त्याचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. लोक मोबाइलवरच लग्न शूट करून मोबाइलवरच कापायला लागले, तेव्हा त्याने शटर कायमचं खाली ओढलं. तो अवाढव्य कॉम्प्युटर, दोन काळे स्पीकर आणि वायरींचा भारा रिक्षात कोंबून घरी आणला. घर म्हणजे माझ्या वडिलांचं घर, वसईच्या पश्चिमेला, वाडीतलं. मी एकुलती एक, म्हणून लग्नानंतर नवराच इकडे राहायला आला. रिक्षातून उतरणारं ते सामान पप्पांनी ओटीवरून बघितलं आणि म्हणाले, "जावई आला तेव्हा एक पेटी घेऊन आला होता. हुंडा आत्ता आला."

पप्पा आणि मी घरात आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी इथे लिहिली तर वसईबाहेरचा माणूस दुसऱ्या ओळीला हात टेकेल, म्हणून सरळ मराठीत लिहिते. वाचताना एवढंच लक्षात ठेवा की पप्पा कुठलीही गोष्ट हळू बोलत नसत. विहिरीजवळ उभे राहून त्यांनी मला हाक मारली की ती शाळेच्या मैदानावर ऐकू यायची आणि मैत्रिणी म्हणायच्या, "पळ, तुझं बोलावणं आलं." केळीच्या वाडीत मजूर कुठल्याही टोकाला असले तरी पप्पा बांधावरूनच त्यांची हजेरी घ्यायचे.

ह्या आवाजाचं खरं काम मात्र संध्याकाळी असायचं. चर्चची सातची घंटा झाली की आमच्याकडे रोझरी होते, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एकाने पुढे होऊन प्रत्येक प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा म्हणून उत्तर द्यायचं. पुढे म्हणणारे कायम पप्पा, उत्तर देणारे आम्ही. ऑक्टोबरात आळीत रोज एकेका घरी रोझरी असते, तिथेही पप्पाच पुढे. घरी त्यांचा नियम कडक. टीव्ही बंद, मोबाइल उलटे, कुकरसुद्धा गॅसवर ठेवायचा नाही. देवाशी बोलताना मध्ये कुणी शिट्टी मारायची नाही, असं त्यांचं म्हणणं. घंटा झाली की ते उठायचे, हॉलभर फिरून बटनं बंद करायचे आणि अल्तारसमोर येऊन बसायचे. अल्तार म्हणजे भिंतीवरची लाकडी फळी. येशू-मरियेच्या तसबिरी, दोन मेणबत्त्या आणि माझ्या आईचा फोटो. लहानपणापासून हे रोज बघत आले, त्यामुळे पुढे पुढे ते मला दिसायचंच बंद झालं.

मग पप्पांचा घसा बसला. आधी सर्दी म्हणाले, मग धूळ म्हणाले, मग माझ्यावरच ओरडले, "तूच सारखी विचारतेस म्हणून बसतो." शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढत मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की स्वरयंत्रात कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. पप्पा घरी आले, पाय धुतले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "मग रोझरी कोण सांगणार?"

मला इतका राग आला! इथे माझा जीव टांगणीला लागलेला आणि ह्यांना रोझरीची पडली आहे. मी तरातरा आत गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले. रडून झाल्यावर डोकं चाललं. आवाज जाणार आहे, पण अजून गेलेला नाही. ऑपरेशनच्या आधी काही दिवस हातात होते. जेवढा आवाज शिल्लक आहे तेवढा भरून ठेवायचा, एवढंच मी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइल घेऊन पप्पांच्या मागे लागले. मी शाळेत विज्ञान शिकवते, मागे लागणं हा माझा धंदाच आहे. त्यांच्याकडून लग्नातली गाणी म्हणून घेतली, केळीच्या जातींची नावं बोलून घेतली, मजुरांना मारायच्या हाका मारून घेतल्या. "मला लहानपणी ओरडायचात तसं ओरडा," म्हटलं, तर म्हणाले, "कारण दे, मग ओरडतो." मी त्यांचा चष्मा लपवला. त्यानंतरचं रेकॉर्डिंग फार सुरेख आलं.

रोझरीला मात्र आमचं वाजलं. पप्पांनी स्वतःचा अर्धा भाग म्हटला आणि थांबले. गप्प. मोबाइलवर आकडे पुढे सरकतायत आणि हे समोर बघत बसलेत. मग पुढचा अर्धा भाग म्हटला आणि पुन्हा गप्प.

"पप्पा, पूर्ण म्हणा ना! मध्ये मध्ये नुसतं रिकामं येतंय."

"उरलेलं तुमचं," ते म्हणाले.

"पण आम्ही आत्ता कुठे म्हणतोय? रेकॉर्डिंग चाललंय."

"मग नंतर म्हणा. मी माझं म्हणणार, तुमचं कशाला म्हणू? मला काय दोन तोंडं आहेत?"

आख्खी रोझरी त्यांनी तशीच म्हटली. एक तुकडा आवाजाचा, एक तुकडा शांततेचा, तोही आम्हाला लागतो तेवढाच, कमी नाही की जास्त नाही. मी कपाळावर हात मारला. पुन्हा म्हणायला लावणार होते, पण तोवर त्यांचा घसा इतका खरखरायला लागला की मीच म्हटलं, राहू दे. पुढच्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बोलणं बंद ठेवायला सांगितलं. म्हणजे जे भरलं तेच. पुन्हा काही मिळणार नव्हतं.

एवढ्यात मोबाइलने जाहीर केलं की जागा संपली. इंटरनेटवरची फुकटची जागाही संपली, आणखी हवी तर महिन्याला भाडं भरा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी नवऱ्याला म्हटलं, "माझ्या बापाचा आवाज मी भाड्याच्या खोलीत ठेवू? उद्या घरमालकाने दार लावलं तर?"

"मग ठेव डबड्यात," तो म्हणाला. तो चेष्टा करत होता. मी ऐकलं.

असा माझा सर्व्हर सुरू झाला. सर्व्हर म्हटलं की लोकांना वाटतं मोठ्या थंडगार खोलीतलं काहीतरी. तसं काही नाही. घरातला एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा आणि घरातल्या सगळ्या मोबाइलना त्याच्याकडून फोटो, गाणी, व्हिडिओ मागता यायचे, इतकंच. मी व्हिडिओ बघितले, थांबवून थांबवून लिहून घेतलं, चुकले, शिव्या घातल्या, पुन्हा केलं. त्यात ते कंटेनर प्रकरण मला फार आवडलं. आमच्या कोठीत सुकी मासळी एका डब्यात, चिंच दुसऱ्यात, मसाला तिसऱ्यात असतो ना, म्हणून कशाचा वास कशाला लागत नाही. तसंच इथे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये. फोटोंचा वेगळा, आवाजाचा वेगळा. एक बिघडला तर तेवढाच काढून टाकायचा आणि नवा ठेवायचा, बाकीच्यांना धक्का नाही.

आणि ह्या सगळ्यांच्या वर एक डॅशबोर्ड. ते एक पान असतं, मोबाइलवरही उघडतं. त्यावर प्रत्येक कंटेनरची चौकट, शेजारी ठिपका. चालू असला तर हिरवा, बंद पडला तर लाल, आणि खाली किती वेळापासून चालू आहे ते. ज्या संध्याकाळी ते पान पहिल्यांदा नीट उघडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच नाचले. आवाजाच्या चौकटीवर मी पप्पांचा केळीचा घड खांद्यावर घेतलेला फोटो लावला होता. पप्पा चष्मा लावून वाकून बघायला लागले.

"हा हिरवा ठिपका कशाला?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. बोलणं बंद ठेवायचं होतं, पण ऐकतो कोण.

"सगळं ठीक आहे म्हणून."

"आणि लाल झाला तर?"

"तर मी बघेन."

"बघ म्हणजे झालं," म्हणाले आणि वाडीत गेले.

डबडं कायम चालू राहणार, त्याचा आवाज नको, म्हणून नवऱ्याने ते आतल्या कोठीत ठेवलं. कोठीत प्लग नाही. त्याने हॉलमधून एक लांब वायर भिंतीच्या कडेने आत ओढली. "अल्तारखालच्या बोर्डावर एक प्लग रिकामाच होता," म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं. सगळी रेकॉर्डिंगं मी सर्व्हरवर टाकली, एकदा वाजवून बघितली आणि मोबाइलवरची पुसून टाकली, कारण मोबाइल गुदमरला होता. शिवाय वीज गेली तर परत आल्यावर मशीन आपोआप उठावं अशी सोयही करून ठेवली होती. फार हुशारी केली असं वाटत होतं.

चारेक दिवस सुखाचे गेले असतील नसतील. रात्री जेवणानंतर मी डॅशबोर्ड बघायची, तर ठिपके हिरवे, पण खाली लिहिलेलं, की सगळं दीड-दोन तासांपूर्वी सुरू झालंय. रोज तेच. सकाळपासून चालू असलेलं मशीन संध्याकाळी कुठे जाऊन येतं? एकदा तर आवाजाचा ठिपका लालच राहिला, मी दोनदा चालू केला तेव्हा कुठे उठला. मी वीज कंपनीला शिव्या घातल्या. नवऱ्याने आणलेल्या स्वस्तातल्या वायरीला घातल्या. कोठीत पाल फिरते, तिलाही घातल्या. नवरा म्हणाला, "शाळेत मुलांना दटावतेस तसं त्याला दटावून बघ, सुधारेल."

ऑपरेशन जवळ आलं. सोमवारी सकाळी पप्पांना ॲडमिट करायचं होतं. शनिवारी शाळेतून आले आणि ठरवलं, आता हे अर्धवट चालायचं नाही. पहिल्यांदा शिकताना मी सगळं 'टेस्ट' नावाच्या फोल्डरात केलं होतं. आता सगळं बंद करून, नीट झाडूनपुसून नव्याने मांडू, म्हणून मी सगळे कंटेनर काढून टाकले, फोल्डरचं नाव बदलून 'घर' ठेवलं आणि पुन्हा सुरू केलं. सगळं कसं झटकन उठलं! ठिपके हिरवेगार. मी निवांत चहा प्यायले.

रविवारी चर्चला मिस्सा करून आलो, दुपारी जेवलो, पप्पांची बॅग भरली. म्हटलं, हॉस्पिटलात जायच्या आधी एकदा त्यांना त्यांचाच आवाज ऐकवू. आवाजाची चौकट उघडली.

रिकामी.

म्हणजे पान होतं, रंग होते, बटनं होती आणि मधोमध लिहिलेलं होतं की इथे अजून काहीही नाही, सुरुवात करण्यासाठी काहीतरी टाका. मी पान बंद करून उघडलं. पुन्हा तेच. कोठीत जाऊन डबड्यासमोर बसले आणि जेवढे फोल्डर दिसले तेवढे उघडले. नवऱ्याची जुनी लग्नं सापडली, कुणाकुणाच्या वराती सापडल्या, पप्पा कुठेच नाहीत. मोबाइलवर नाहीत, इंटरनेटवर नाहीत. माझ्या हाताने मी पुसले होते.

नवरा मागे येऊन उभा राहिला. माझं तोंड बघून त्याला काय ते कळलं. "त्यांना काही सांगू नकोस," तो कुजबुजला. "उद्या जाऊन येऊ दे."

पण पप्पा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. मला खोटं बोलता येईना.

"पप्पा, सापडत नाहीये. तुमचं सगळं... दिसत नाहीये."

मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते आत आले, माझ्या शेजारी तांदळाच्या पोत्यावर बसले, माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "लाव. परत म्हणतो." आणि खरंच म्हणायला लागले. रोझरीतलं 'नमो' म्हणाले आणि 'मरिया' आलंच नाही, नुसती हवा आली. त्यांनी खाकरून पुन्हा केलं. पुन्हा हवा. मग इतका खोकला आला की नवऱ्याने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते हातातल्या पेल्याकडे बघत बसले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. ऑपरेशनचं सांगितलं तेव्हासुद्धा दिसली नव्हती.

"पप्पा, तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं. "मी काढते शोधून. नाही काढलं तर नाव बदलीन."

त्यांना बाहेर पाठवलं, डोळे पुसले आणि विज्ञानाच्या बाईसारखा विचार केला. आधी काय होतं, मग मी काय केलं, मग काय झालं. मी इंटरनेटवर लोकांच्या तक्रारी वाचायला बसले. माझ्यासारखेच रडणारे जगभर पसरलेले आहेत हे तिथे कळलं. त्यात एकाने एका रडणाऱ्याला विचारलं होतं, बाबा रे, फोल्डरचं नाव बदललंस का?

मी ताठ बसले.

भानगड अशी होती. कंटेनर स्वतःच्या पोटात माल ठेवत नाही, बाहेर एका कोठारात ठेवतो. म्हणूनच तर कंटेनर काढून टाकला तरी माल जात नाही. पण त्या कोठाराला मशीन जे नाव देतं त्यात फोल्डरचं नाव जोडतं. मी 'टेस्ट'चं 'घर' केलं, तर मशीनला वाटलं की हे नवंच बिऱ्हाड आलंय. त्याने इमानदारीत नवं कोठार बांधून दिलं, अर्थात रिकामं. जुनं कोठार कुलूप लावून तसंच ठेवलं असणार, जर मी काढताना तेही पुसून टाकलं नसेल तर. पुसलं होतं का? मला आठवेना. शनिवारी मी रागात होते, काय काय टाइप केलं देव जाणे.

सगळ्या कोठारांची यादी दाखवायची कमांड असते. मी ती टाइप केली आणि शेवटचं बटन दाबायच्या आधी क्रूसाची खूण केली. नवरा हसला नाही.

यादी आली. 'घर' नावाचं एक. आणि त्याच्या खाली, 'टेस्ट' नावाचं एक.

"आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची कोंबडी फडफडली. फोल्डरचं नाव पुन्हा 'टेस्ट' केलं, कंटेनर पुन्हा उठवला, पान उघडलं, आणि चौकटीत एकाखाली एक सगळं. गाणी, केळी, हाका, रोझरी. घाईत भलत्यावरच दाबलं गेलं, आणि नवऱ्याच्या त्या दोन काळ्या स्पीकरांतून पप्पा गरजले, "माझा चष्मा कुणी हलवला? बाय, तूच! ह्या घरात दुसरं कोण आहे एवढं वांड?"

पप्पा ओटीवरून धावत आले. दारात उभे राहून स्वतःला शिव्या देताना ऐकत राहिले आणि मग खांदे हलवत हसायला लागले, आवाज न करता. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि भोकाड पसरलं. नवरा भिंतीकडे तोंड करून स्वतःचा चष्मा पुसत होता. हुश्श! इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. अंगातून ताप उतरावा तसं वाटत होतं.

आता मी शहाणी झाले होते. म्हटलं, आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊ. पेन ड्राइव्ह लावला, कॉपी सुरू केली, हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. पप्पा हॉलमध्ये गेले. बाहेर घंटा वाजली. पट्टी अर्ध्यावर आली.

आणि खट्. स्क्रीन काळा. कॉम्प्युटरचा पंखा बंद. डबडं मेलं.

"मेली ती वीज कंपनी!" मी किंचाळत हॉलमध्ये धावले. "आजच्याच दिवशी! नेमकं आत्ताच..." आणि थांबले, कारण हॉलमध्ये दिवा लख्ख चालू होता. आणि अल्तारखाली, बोर्डाच्या बटनावर, पप्पांचा हात होता.

मी त्या हाताकडे बघितलं, मग तिथून भिंतीच्या कडेने आत गेलेल्या वायरीकडे. नवरा माझ्या मागे आला होता, त्यानेही बघितलं.

"पप्पा," मी म्हटलं, "तुम्ही रोज ते बटन बंद करता?"

त्यांनी मान हलवली. अर्थात, असं.

"का?"

ते घशातून कसेबसे बोलले, "रेडिओ."

रेडिओ! अल्तारखाली माझ्या लहानपणी रेडिओ होता. घंटा झाली की पप्पा तो बटनावर बंद करायचे आणि रोझरी संपली की बाजारभाव ऐकायला पुन्हा लावायचे. रेडिओ बिघडून, भंगारात जाऊन किती काळ लोटला, मला नीट आठवतही नाही. प्लग रिकामा झाला, पण हात काही थांबला नाही. रोज सातला बंद, रोझरीनंतर चालू. आमच्या दोघांच्या देखत, मी समोर गुडघे टेकून बसलेली असताना, पप्पा रोज माझा सर्व्हर बंद करत होते, आणि मी पालीला शिव्या घालत होते.

नवरा खालीच बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वायर मीच लावली त्याच प्लगला," तो म्हणत होता, "मीच!" माझा राग कुठे जाऊन बसला कळलंच नाही. पप्पांचा चेहरा मात्र उतरला होता. ते माझ्याकडे आणि बटनाकडे आळीपाळीने बघत होते. "गेलं?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

"काही गेलं नाही," मी म्हटलं. "तुमच्यासारखंच चिवट आहे. आधी रोझरी करू."

त्या संध्याकाळी पुढे मी म्हटलं. पप्पा जपमाळ फिरवत नुसते बसले. शेवटची क्रूसाची खूण झाली, त्यांनी हात लांब करून बटन चालू केलं आणि आत पंखा घरघरला. थोड्या वेळाने मोबाइलवर ठिपके हिरवे झाले. सगळी रेकॉर्डिंगं मी दोन पेन ड्राइव्हवर उतरवली. एक नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात गेला, दुसरा आईच्या फोटोमागे. अल्तारखालच्या बटनावर चिकटपट्टी लावू का, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, हाताला काहीतरी काम हवं.

ऑपरेशन लांबलं. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या बाकावर बसलो. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी वाचला आणि शब्द नंतर ऐकले. सगळं निघालं, आजूबाजूला काही पसरलं नव्हतं, म्हातारा काटक आहे. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि काय बोलले ते मला आजही सांगता यायचं नाही. नवरा म्हणतो, मी त्यांना केळ्यांचा घड कबूल केला. तो आम्ही पोचवलाही.

पप्पा घरी आले ते गळ्याला पांढरी पट्टी आणि मधोमध श्वासाचं छोटं भोक घेऊन. बोलणं नाही. पण भुवया होत्या, बोटं होती, आणि राग आला की ते टाळी वाजवायचे. एवढ्यावर त्यांनी दोन दिवसांत मला आणि अख्ख्या वाडीला कामाला लावलं. घरात त्यांची टाळी ऐकली की मला बरं वाटायचं. माणूस आहे, चिडतंय, जेवतंय, आणखी काय हवं.

पहिल्याच संध्याकाळी घंटा वाजली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मुद्दामच. मीच पुढे म्हणायचं असं मनाशी ठरवून जपमाळ हातात घेतली. पप्पा उठले. टीव्हीचं बटन बंद केलं. माझा मोबाइल उलटा केला. मग अल्तारखाली आले, हात बोर्डाकडे गेला आणि तिथे थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला, माझ्याकडे वळले आणि आतल्या कोठीकडे बोट दाखवलं.

"लावू?" मी विचारलं.

त्यांनी टाळी वाजवली. कधीची वाट बघतोय, अशी.

नवऱ्याने स्पीकर ओढत हॉलमध्ये आणले. मी आत जाऊन रोझरी लावली आणि बाहेर येऊन गुडघे टेकले. पप्पांचा आवाज घरभर पसरला, बसलेला, तरी चढा. त्यांनी त्यांचा अर्धा भाग म्हटला आणि थांबले. ज्या रिकाम्या जागेवरून मी त्यांच्याशी भांडले होते ती समोर आली, आणि आम्ही दोघांनी उत्तर दिलं. ती जागा आम्हाला बरोबर पुरली. पुढचा भाग आला, पुन्हा जागा आली, पुन्हा उत्तर. तिसऱ्या वेळी मी डोळे उघडून बाजूला बघितलं. पप्पा रोजच्यासारखे पुढे बसले नव्हते. ते आमच्या रांगेत बसले होते, माझ्या आणि नवऱ्याच्या मधे. स्पीकरमधले पप्पा बोलत होते तोपर्यंत ते तोंड मिटून ऐकत होते, आणि आमची वेळ आली की त्यांचे ओठ आमच्याबरोबर हलत होते.